ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर जाताय? मग या चुका टाळा

महापे, ऐरोली, वागळे इस्टेट या पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांचे डेटाबेस ओरॅकल या लायसन्सचे पैसे लागणाऱ्या सॉफ्टवेअरवरून पोस्टग्रेस या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर हलवायचं काम मी बरीच वर्षं करतोय. पोस्टग्रेसमुळे अडलेलं प्रोजेक्ट क्वचित दिसतं, अडतं ते घाईमुळे. लायसन्सचे पैसे वाचणार म्हणून मॅनेजमेंट खूश, लाइव्ह जायची तारीख आधीच ठरलेली आणि टीमच्या ट्रेनिंगला एक दिवस मिळत नाही. मग प्रत्येक ठिकाणी त्याच त्या चुका, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे ऑटोव्हॅक्यूमला शत्रू समजणं. पोस्टग्रेसमध्ये रो, म्हणजे टेबलातली एक नोंद, अपडेट केली की जुनी रो टेबलातच पडून राहते आणि नवी वेगळी लिहिली जाते, ओरॅकलसारखं जुनं व्हर्जन अनडू नावाच्या वेगळ्या जागेत जात नाही. ही मेलेली, म्हणजे आता कोणाच्या कामाची नसलेली, रो साफ करणं म्हणजे व्हॅक्यूम, आणि ते आपोआप करणारा तो ऑटोव्हॅक्यूम.

महाप्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं काम होतं. सोमवारी सकाळी ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल पकडली, घणसोली यायच्या आत सहा मिस्ड कॉल. बुकिंगची स्क्रीन उघडायला मिनिटभर लागत होतं. ट्रकचं स्टेटस ठेवणारं टेबल शुक्रवारी ६ जीबी होतं ते ७०च्या वर गेलेलं. मी पोचेपर्यंत मीटिंगमध्ये ठरलंही होतं की ऑटोव्हॅक्यूम सारखा चालतोय, तोच सर्व्हर खातोय, बंद करा. मी म्हटलं पाच मिनिटं थांबा. पीजी स्टॅट अॅक्टिव्हिटी, म्हणजे कोण काय चालवतंय ती यादी, उघडलं, ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा रद्द होणारे बदल) कधी सुरू झालं त्यावर सॉर्ट केलं, आणि पहिल्याच ओळीत 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतं बसलेलं कनेक्शन, शुक्रवार संध्याकाळ, ६ वाजून ४० मिनिटं. एका मुलाने डीबीव्हर या क्वेरी चालवायच्या टूलमध्ये ऑटोकमिट, म्हणजे बदल आपोआप पक्का होणं, बंद ठेवून एक छोटा अपडेट मारला होता आणि कमिट न करता स्क्रीन लॉक करून घरी गेला होता. ते ट्रान्झॅक्शन उघडं असेपर्यंत त्यानंतर मेलेली एकही रो व्हॅक्यूमला काढता येत नाही, म्हणून बिचारा अडीच दिवस नुसता फेऱ्या मारत होता.

सेशन मारलं, साफसफाई सुरू झाली. पण साध्या व्हॅक्यूमने फाइल सहसा लहान होत नाही, आतली जागा फक्त परत वापरता येते. तेवढाही धीर नव्हता, तिथल्या एका सिनियरने भर ११ वाजता व्हॅक्यूम फुल, म्हणजे अख्खं टेबल नव्याने लिहून फाइल लहान करणारा प्रकार, मारला. तो टेबलावर असा लॉक घेतो की सिलेक्टसुद्धा थांबतं. स्लो असलेलं बुकिंग आता पूर्ण बंद. ते कॅन्सल करून रात्री पीजी रीपॅकने, म्हणजे टेबल जवळपास चालू ठेवून तेच करणाऱ्या टूलने, काम केलं.

तेव्हापासून माझी सवय अशी की माणसांच्या लॉगिनला आयडल इन ट्रान्झॅक्शनचा टाइमआउट १० मिनिटं, अपवाद कोणालाच नाही. आणि मोठ्या टेबलांचा स्केल फॅक्टर, म्हणजे टेबलाचा किती हिस्सा मेला की साफसफाई सुरू व्हावी तो आकडा, डिफॉल्ट ०.२ वरून ०.०१ वर आणतो, नाहीतर १० कोटी रो असलेल्या टेबलात २ कोटी मेल्याशिवाय ऑटोव्हॅक्यूम हलत नाही. त्याला बंद करू नका, जास्त वेळा चालू द्या.

दुसरी चूक म्हणजे ओरा-टू-पीजी हे डेटाबेस हलवायचं टूल चालवलं, एरर आली नाही, म्हणजे मायग्रेशन झालं असं समजणं. टूल उत्तम आहे, मी रोज वापरतो, पण ते तुमच्या क्वेरीचा अर्थ तपासत नाही. आपल्याकडे नाव जोडतात पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं. ओरॅकलमध्ये मधलं नाव नल, म्हणजे भरलेलंच नसलं तरी दोन उभ्या रेघांनी जोडलं की बाकीचं नाव येतं, पोस्टग्रेसमध्ये एक तुकडा नल म्हणजे अख्खं नाव नल. पावत्या बिननावाच्या छापून येतात आणि लॉगमध्ये काहीच नसतं. जोडायला कॉनकॅट फंक्शन वापरा, ते नल तुकडा सोडून देतं. त्यात ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला नल मानतं, पोस्टग्रेस मानत नाही, त्यामुळे 'इज नल' लिहिलेली प्रत्येक अट एकदा डोळ्यांखालून घाला. आणि हाताने टेबल बनवताना ओरॅकलचा डेट (त्यात तारखेसोबत वेळही असते) तसाच डेट ठेवलात तर वेळ उडते, तिथे टाइमस्टॅम्प लागतो.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. मॅक्स कनेक्शन १०० वरून २००० करू नका, इथे प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस असते, पुढे थोडी कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा पीजीबाउन्सर लावा. लिनक्स अपग्रेडमध्ये जीलिबसी ही मूळ लायब्ररी २.२८ च्या आधीच्या व्हर्जनवरून २.२८ किंवा पुढे गेली तर टेक्स्टवरचे इंडेक्स पुन्हा बांधा (रीइंडेक्स), सॉर्टिंगचा क्रम बदलतो. प्रत्येक मेजर व्हर्जनला सपोर्ट ५ वर्षंच, तेव्हा अपग्रेडचं बजेट पहिल्याच दिवशी मागा. ओपन सोर्स म्हणजे सगळं सारखं असंही नाही, दुसरे डेटाबेस बघा, मायएसक्यूएल २०१० पासून ओरॅकलकडेच आहे, मोंगोडीबीने २०१८ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये लायसन्स बदललं, म्हणून लायसन्स वकिलाला आधी दाखवा.

आणि बॅकअप. कोड ठेवायची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीचा जानेवारी २०१७ चा किस्सा त्यांनी स्वतःच उघडपणे मांडलाय. प्रोडक्शनचा डेटा चुकून डिलीट झाला आणि मग कळलं की व्हर्जन जुळत नसल्यामुळे पीजी डंप, म्हणजे पोस्टग्रेसचं बॅकअप टूल, आधीपासूनच फेल होत होतं, सुमारे सहा तासांचा डेटा गेला. जॉबपुढची हिरवी टिक मी पुरावा धरत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कोऱ्या सर्व्हरवर बॅकअप रिस्टोर करतो, रो मोजतो, आणि किती वेळ लागला तो आकडा क्लायंटच्या आयटी हेडला त्याच दिवशी पाठवतो. त्या ट्रान्सपोर्ट कंपनीत कागदावर रिस्टोरचा वेळ एक तास लिहिला होता. पहिल्या रिस्टोरला साडेपाच तास लागले.