दहावीनंतर मी जोडारी झाले

दहावीचा निकाल लागला की पुढचे आठ-दहा दिवस माझा फोन सारखा वाजत असतो. गावाकडच्या ओळखीतून कुणी ना कुणी विचारतं, "ताई, पोरीला साठ टक्के पडलेत, आयटीआयला टाकू का?" या 'टाकू का'चं मला वाईट वाटतं. पोरगी अजून दारात उभीसुद्धा राहिलेली नाही आणि तिला कळलेलं असतं की कुठेच जमलं नाही म्हणून आपल्याला इथे धाडताहेत. मी स्वतः आयटीआयची. पुढे डिप्लोमा केला, आज एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीचं काम बघते. माझा रस्ता कसा गेला, कुठे अडला, ते नवीन मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी लिहिते आहे.

माझी सुरुवात आठवीत झाली, हे माझं भाग्य. आमची शाळा पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातली. याच तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ साली सुरू केला. संशोधनातली मोठी नोकरी सोडून हा माणूस दुष्काळी गावात येऊन राहिला, कारण हाताने काम करता करता मूल जास्त चांगलं शिकतं अशी त्यांची खात्री होती. त्यातूनच शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय तयार झाला. त्याचं इंग्रजी नाव 'इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी', आम्ही त्याला आयबीटीच म्हणायचो. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि मुलगा असो की मुलगी, सगळ्यांनी चारही करायचे. मुलं चिक्की करायची, मुली वेल्डिंग करायच्या. माती तपासली, रक्तगट तपासले. नववीत आम्ही पाच जणींनी शाळेसाठी लोखंडी अँगलचं टेबल केलं. माप घेताना मी जाडी धरायला विसरले आणि एक पाय आखूड झाला. सरांनी तुकडा फेकून दिला नाही. "आता याचं काय करायचं ते तूच सांग," म्हणाले. रात्रभर डोक्यात तोच पाय होता. दुसऱ्या दिवशी खाली पट्टीचा तुकडा जोडून तो सारखा केला. गणिताच्या वहीतल्या चुकीने मला कधी असं जागं ठेवलं नव्हतं.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते. तुमच्या शाळेत नववीपासून व्यवसाय शिक्षणाचा विषय असेल, मल्टी स्किल, ऑटोमोटिव्ह, हेल्थकेअर, ब्यूटी अँड वेलनेस असं काहीही, तर तो 'मार्कांचा सोपा विषय' म्हणून घेऊ नका. आपले हात कशात रमतात हे फुकटात कळण्याची ती शेवटची जागा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ बसावं अशी कल्पना आहे. तुमच्या शाळेत ते दिवस नुसत्या सहलीत जात असतील, तर पालकसभेत उठून विचारा.

मला दहावीला ६८ टक्के होते. काका म्हणाले, आर्ट्सला घाला, लग्नापर्यंत बीए होईल. दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला एवढंच विचारलं, "तुला ते लोखंडाचं काम खरंच आवडतं का?" मी हो म्हटलं. २००९ च्या जूनमध्ये ते मला घेऊन तालुक्याच्या आयटीआयत गेले आणि फॉर्म भरायच्या आधी म्हणाले, "चल, आधी आत बघून येऊ."

त्या एका वाक्याचं मोल मला पुढे कळलं. ट्रेडचं नाव वाचून काम कळत नाही. सरकारी यादीत आजही मराठी नावं असतात: जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, संधाता म्हणजे वेल्डर, वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, तारतंत्री म्हणजे वायरमन. सगळे वीजतंत्री मागतात, कारण घरोघरी फिटिंगची कामं मिळतात आणि महावितरणच्या भरतीत त्याला मागणी असते. मग तिथे मेरिट चढतं. नंबर लागला नाही की मुलं हाताला येईल ते घेतात आणि सहा महिन्यांत रडतात. मी आणि दादा त्या दिवशी प्रत्येक शॉपच्या, म्हणजे ट्रेडच्या कार्यशाळेच्या, दारात दहा-दहा मिनिटं उभे राहिलो. वेल्डिंगच्या उजेडाने आणि धुराने मला गुदमरलं. टर्निंगचं मला आवडलं. जोडारीच्या शॉपमध्ये मात्र एक मुलगा दोन लोखंडी तुकडे एकमेकांत बसवत होता, आणि ते असे बसले की मधली रेघ दिसेना. मी तिथून हलेना. आज प्रवेश ऑनलाइन आहे, पर्यायांचा क्रम घरी बसून मोबाइलवर भरता येतो. तरी एक दिवस मोडा, संस्थेत जाऊन विनंती करा आणि शॉप बघून या. मगच क्रम लावा.

वर्गात आम्ही दोघीच मुली. पहिले दोन-अडीच महिने कानस. लोखंडाची जाड पट्टी शेगड्यात, म्हणजे टेबलावरच्या व्हाइसमध्ये, धरायची आणि कानशीने घासून तिची बाजू सपाट करायची. ऐकायला काहीच वाटत नाही. शेगड्याचा जबडा आपल्या कोपराच्या उंचीला हवा, नाहीतर संध्याकाळी कंबर उभी राहू देत नाही. माझी उंची कमी, म्हणून सरांनी मला पायाखाली लाकडी फळी करून दिली. पुढे जाताना जोर द्यायचा, मागे येताना सोडायचा. नवखा माणूस दोन्हीकडे जोर देतो, त्याने कानशीचे दात मरतात आणि कडा गोल होतात. दातांत लोखंडाचा कीस अडकला की जॉबवर, म्हणजे आपण घडवत असलेल्या तुकड्यावर, खोल ओरखडा उठतो, म्हणून कानशीला खडू फासायचा आणि वरचेवर तारेच्या ब्रशने ती साफ करायची. घासलेल्या जागेवर बोट फिरवायचं नाही. हाताचं तेल लागतं आणि कानस घसरते. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड आले, दुसऱ्यात ते फुटले, तिसऱ्यात तिथे कातडी जाड झाली.

जॉब झाला की सर काटकोन तपासायचा गुण्या लावायचे आणि खिडकीकडे तोंड करून धरायचे. गुण्या आणि लोखंडाच्या मध्ये फट असेल तर प्रकाशाची बारीक रेघ दिसते. "उजेड दिसतोय," एवढंच म्हणून जॉब परत. दिवसातून सहा-सात वेळा उजेड दिसायचा. एका दुपारी त्यांनी चारही बाजूंनी गुण्या फिरवला, बराच वेळ धरून ठेवला आणि काही न बोलता जॉब माझ्या हातात दिला. मी स्वतः खिडकीकडे धरून पाहिला. काळोख होता. त्या दिवशी मी एसटीत घरापर्यंत तो तुकडा दप्तरातून काढून काढून बघत आले. पुढे मिलीमीटरच्या शंभराव्या भागात माप घ्यायला शिकले, आज माझ्या टेबलावर त्याहून बारीक मोजणारी उपकरणं आहेत. पण माप म्हणजे काय, हे मला त्या खिडकीशी कळलं.

मुलं एका गोष्टीत हमखास फसतात, ती म्हणजे थिअरीकडे पाठ. ट्रेड थिअरी, वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग हे विषय परीक्षेच्या महिन्यात पाठ करून निभावतात, पण कंपनीत पहिल्याच दिवशी हातात ड्रॉइंग येतं आणि तिथे पाठांतर चालत नाही. ड्रॉइंग न वाचता येणारा हुशार हातसुद्धा आयुष्यभर दुसऱ्याने सांगितलेलं काम करतो. हजेरीही सांभाळा. ८० टक्के भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, आणि शॉपमधला बुडलेला दिवस कुणाच्या वहीतून उतरवून मिळत नाही.

खासगी आयटीआयत जाणार असाल तर ज्या ट्रेडला प्रवेश घेताय त्याच ट्रेडच्या तुकडीला केंद्र सरकारची संलग्नता आहे का, हे लेखी विचारा. संस्थेच्या पाटीवर लिहिलेलं पुरत नाही, कारण संलग्नता ट्रेड आणि तुकडीप्रमाणे मिळते. दोन वर्षं आणि फी गेल्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळणार नाही असं कळलेली मुलं मी पाहिली आहेत.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीतली उमेदवारी, मात्र चुकवू नका. कायदा १९६१ चा आहे. त्याखाली कंपनीशी करार होतो, विद्यावेतन मिळतं आणि शेवटी परीक्षा देऊन वेगळं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. माझी पहिली जागा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होती. तिथे मला तीन महिने पॅकिंगच्या टेबलावर ठेवलं. जोडारी शिकलेली मुलगी खोकी चिकटवत होती. शॉपच्या बाजूला बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जावं लागे, आणि तेच कारण पुढे करून मला शॉपवर घेत नव्हते. मी घरी रडले, पण सोडलं नाही. कामाशी संबंधित विषयांच्या तासाला आम्ही बीटीआरआय, म्हणजे अप्रेंटिसना ते विषय शिकवणाऱ्या सरकारी केंद्रात जायचो, तिथल्या सरांना सगळं सांगितलं. त्यांनी माझी रोजची नोंदवही मागवली. त्यात मी प्रत्येक दिवशी 'पॅकिंग' असंच खरं लिहिलेलं होतं. त्यांनी कंपनीशी बोलणं केलं आणि पंधरा दिवसांत मी मेंटेनन्सला गेले. म्हणून सांगते, नोंदवही खरी लिहा. कुणी म्हणालं की भरून टाक छान छान, तरी नाही. आणि करार सरकारी पोर्टलवर नोंदला आहे ना, ते रुजू होण्याआधी बघा. नोंद नसेल तर वर्षभर राबूनही हातात प्रमाणपत्र येत नाही.

आयटीआय केलं की पुढचं शिक्षण बंद होतं ही समजूत चुकीची आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मी तसाच घेतला. तिथे मला गणिताने खरंच छळलं. बाकीच्यांनी पहिल्या वर्षात गणिताचे पेपर दिलेले, आणि मी थेट इंटिग्रेशनसमोर. पहिल्या सेमिस्टरला विषय राहिला. माझ्यासारखा विचार असेल त्यांनी अप्रेंटिसशिपच्या वर्षात रोज एक तास गणिताला द्यावा. उलट वर्कशॉप आणि ड्रॉइंगला सगळा वर्ग माझ्याभोवती गोळा व्हायचा.

पैशांची ओढाताण नसेल, गणित चांगलं असेल, तर दहावीनंतर सरळ तीन वर्षांच्या पॉलिटेक्निकला जाण्यात वर्ष वाचतं, हे मी कुणापासून लपवत नाही. बारावी करायचीच असेल तर द्विलक्षी विषयाचा विचार करा. एक भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी २०० गुणांचा एकच तांत्रिक विषय मिळतो. फक्त गुण वाढवायला घेतात तसं न करता प्रॅक्टिकल मनापासून केलं तर त्याचा पुढे उपयोग होतो. पण घरात लवकर कमावणं गरजेचं असेल आणि हात शिवशिवत असतील, तर आयटीआयसारखं दुसरं नाही. माझ्या पहिल्या पगारातून दादांनी विहिरीवरची मोटर दुरुस्त करून आणली.

मागच्या जूनमध्ये मी माझ्या शाळेतल्या चार मुलींना घेऊन त्याच आयटीआयत गेले. तिघी जोडारीच्या शॉपमध्ये थोडं थांबून पुढे सरकल्या. चौथी कातारीच्या शॉपमधल्या लेथ मशीनपाशी गेली आणि तिथून निघेचना. लोखंडाचा कीस वेटोळं घेत खाली पडत होता. तिने सरांना विचारलं, "हा निळा का पडतो?" सरांनी लेथ थांबवला, तिला स्टुलावर बसवलं आणि वेग, उष्णता, टूलची धार असं सगळं समजावत बसले. आम्ही बाहेर व्हरांड्यात अर्धा तास थांबलो. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. "ताई, ती म्हणतीय पहिला नंबर कातारीच भरायचा. भरू का?"

"भरा," मी म्हटलं.