मध्यम खर्चात बहुउपयोगी रिव्हॉल्व्हर निवडताना या चुका टाळा

रिव्हॉल्व्हर घेणारे बहुतेक जण आधी नाव पाहतात, मग चकाकी आणि सर्वांत शेवटी काडतूस. हा क्रम नेमका उलटा असायला हवा. सराव, नेमबाजी आणि संरक्षण ही तिन्ही कामे एकाच शस्त्राने भागवायची असतील आणि परवान्याच्या अटींत ते बसत असेल, तर .३५७ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर सर्वांत हिशेबी ठरते, कारण त्यात .३८ स्पेशलची सौम्य आणि सहसा स्वस्त काडतुसेही चालतात. दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच आहे. १९३५ साली मॅग्नम आले तेव्हा त्याची पुंगळी, म्हणजे दारू भरलेले धातूचे आवरण, जवळपास साडेतीन मिलिमीटरने लांब ठेवली गेली, ती हे जोरदार काडतूस जुन्या .३८ च्या शस्त्रात बसू नये म्हणून. त्यामुळे आज .३८ चे रिव्हॉल्व्हर घेऊन पुढे त्यातच मॅग्नम वापरू, असा बेत करणाऱ्याचे गणित सुरुवातीलाच चुकते.

दुसरी चूक वजनाची. चारशे ग्रॅमपेक्षा हलके, दोन इंची नळीचे रिव्हॉल्व्हर दुकानात हातात घेताना सुखद वाटते. मात्र त्यातून मॅग्नमच्या पाच गोळ्या झाडल्या की तळहात झिणझिणतो, आणि ज्या शस्त्राने हात दुखतो त्याचा सराव माणूस हळूहळू टाळू लागतो. शिवाय आखूड नळीखाली रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडाही आखूड असल्याने मॅग्नमच्या लांब पुंगळ्या अनेकदा अर्ध्याच बाहेर येतात. चार इंची नळी, पोलादी सांगाडा आणि एक किलोच्या आसपास वजन, यापासून फार दूर जाऊ नये, असे माझे मत आहे. खिशात बाळगण्यासाठी ते गैरसोयीचे आहे, हे खरे. पण तो निराळ्या गरजेचा प्रश्न आहे.

खर्च आवरायचा म्हणजे वापरलेले शस्त्र पाहणे आले, आणि सर्वांत महागात पडणाऱ्या चुका इथेच होतात. सिलिंडर (काडतुसे धरणारा फिरता भाग) उघडून काडतुसाचे प्रत्येक घर रिकामे असल्याची स्वतः खात्री करावी आणि मालकाची परवानगी घेऊनच पुढची तपासणी करावी. सिलिंडरवर अंगठ्याचा हलका दाब ठेवून घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा मागचा भाग (चाप नव्हे), अगदी सावकाश मागे ओढावा. घोडा पूर्ण चढेपर्यंत सिलिंडर आपल्या खाचेत ‘टक्’ करून अडकलेच पाहिजे. हे सर्व घरांसाठी करावे, कारण पाच घरे ठीक आणि सहावे मागे पडणारे, असे रिव्हॉल्व्हर मी स्वतः हाताळले आहे. त्यानंतर बंद सिलिंडर पुढे-मागे हलवून पाहावे. किंचित खेळ चालतो, पण खडखड जाणवली तर शस्त्र परत ठेवावे. सिलिंडर आणि नळी यांच्यातील फट साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते. ती फार रुंद असेल, तर वायू आणि शिशाचे कण बाजूला अधिक उडतात. बोटे त्या फटीजवळ कधीच नेऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको.

नळीच्या मागच्या तोंडाकडे, म्हणजे फोर्सिंग कोनकडे, टॉर्च मारून पाहण्याचा कंटाळा करू नये. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीच्या मॉडेल १९ सारख्या मध्यम सांगाड्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे तोंड खालच्या बाजूला घासून सपाट केलेले असते, त्यामुळे तिथले पोलाद पातळ राहते. १२५ ग्रेनच्या (सुमारे आठ ग्रॅमच्या) हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्यांच्या भरपूर वापराने तिथेच तडा गेल्याची उदाहरणे आहेत. पुढे आलेले मॉडेल ६८६ किंवा रुगरचे जीपी१०० या जागी अधिक भरभक्कम आहेत.

घेतल्यानंतरची एक हौशी चूक म्हणजे चाप हलका व्हावा म्हणून घोड्याची स्प्रिंग बदलणे: घोड्याचा आघात कमी पडतो आणि काडतूस पेटत नाही. न पेटलेले काडतूस लगेच बाहेर काढू नये, नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तेव्हा दुसरी गोळी मुळीच झाडू नये.

सिलिंडर अचानक जड फिरू लागले, तर लगेच कारागिराकडे धाव घेण्याचे कारण नसते. मी एकदा तसाच निघालो होतो. शस्त्र रिकामे करून पुंगळ्या उचलणाऱ्या चांदणीखाली पाहिले, तर न जळलेल्या दारूचे दोन कण तिथे बसले होते आणि जुन्या टूथब्रशने काम झाले. सिलिंडर उघडतच नसेल, तर बाहेर ढकलणारा दांडा आट्यांतून सैल झाला आहे का, ते पाहावे. .३८ च्या बऱ्याच सरावानंतर मॅग्नमची काडतुसे घट्ट बसू लागली, तर आखूड पुंगळीच्या पुढे घराच्या आत काजळीचे कडे साचलेले असते. ते पितळी ब्रश आणि सॉल्व्हंटने काढावे, काडतूस जोराने दाबून बसवू नये.