स्कोप काढून मूळ साइट बसवताना या चुका टाळा

रिव्हॉल्व्हरवरचा स्कोप माउंट (नेमाची दुर्बीण धरणारा तळ) काढून मूळ साइट, म्हणजे नेम धरण्याचे पुढचे-मागचे भाग, पुन्हा बसवणे हे दहा मिनिटांचे काम आहे, असे मानणारे लोक मला वारंवार भेटतात आणि त्यांच्या चुकाही ठरलेल्याच असतात. सिलिंडर उघडून प्रत्येक चेंबर (गोळीचा खण) रिकामा आहे ना, हे डोळ्यांनी व बोटाने तपासल्याशिवाय कामाला हात घालू नये. सिंगल ॲक्शन (प्रत्येक वेळी घोडा हाताने मागे ओढावा लागणारे) रिव्हॉल्व्हर असेल, तर गोळ्या भरण्याचे बाजूचे झाकण, म्हणजे गेट, उघडून सिलिंडरचा पूर्ण फेरा फिरवावा.

पहिली चूक स्क्रूड्रायव्हरची. घरगुती स्क्रूड्रायव्हरचे पाते टोकाकडे निमुळते होत जाते, त्यामुळे ते खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकते आणि जोर लावताच बाहेर सरकून खाच खराब करते. समांतर बाजूंचे, खाचेत घट्ट बसणारे पाते घ्यावे. माउंट बसवताना कुणी लाल थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव; लाल म्हणजे सर्वांत पक्का) वापरला असेल, तर स्क्रू नुसत्या जोराने सुटत नाही. मी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिट-दोन मिनिटे टेकवून ठेवतो आणि स्क्रू गरम असतानाच फिरवतो. ज्योत मात्र कधीही लावू नये. साइट बसवताना निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब पुरतो.

सर्वांत अधिक नुकसान कानस करते. एका गृहस्थांनी माझ्याकडे एक सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर आणले. गोळ्या खाली लागत होत्या, म्हणून त्यांनी पुढची माशी (नळीच्या टोकावरची साइट) घासून घासून कमी केली होती. माशी कमी केली की गोळी वर लागते, हे त्यांचे गणित बरोबर होते. चूक होती ती मागच्या बाजूला. या प्रकारच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मागच्या साइटखाली दोन बारीक स्प्रिंगा असतात. उंचीचा स्क्रू सैल केला की साइटला वर ढकलण्याचे काम त्या करतात. माउंट बसवण्यासाठी मागची साइट धरून ठेवणारी पिन काढताना त्या उडून हरवल्या होत्या. स्क्रू कितीही सैल केला तरी साइट तळाशीच राहत होती आणि बोटाने हलवली की खुळखुळत होती. स्प्रिंगा बसवल्यावर साइट वर येऊ लागली, पण माशी घासल्यामुळे तिचा आता उपयोग उरला नव्हता: तळाच्या स्थितीतच नेम जुळत होता आणि रिव्हॉल्व्हरमध्ये सहसा वर लागणारी जड गोळी वापरली, तर खाली आणायला जागाच नव्हती. अखेर नवी माशी घालावी लागली. म्हणून पिन काढताना मी रिव्हॉल्व्हर पारदर्शक पिशवीत धरतो, आणि मागची साइट पूर्ण तपासून होईपर्यंत कानशीला हात लावत नाही.

हिशेब आधी कागदावर करावा. दोन्ही साइटमधील अंतर 190 मिलिमीटर असेल आणि 25 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर खाली लागत असेल, तर आवश्यक बदल 0.76 मिलिमीटरचा, म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही कमी आहे. घाईत कानस चालवणाऱ्याच्या हातून तो सहज ओलांडला जातो आणि घासलेले पोलाद परत येत नाही. मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडेच सरकवावी. माशी उलट दिशेने.

माउंटचे लांब स्क्रू साइटसाठी वापरू नयेत. भोक आरपार असेल, तर त्यांचे टोक सिलिंडरच्या जागेत डोकावते. स्क्रू हाताने दोन-तीन आटे सहज फिरला नाही, तर तो त्या भोकाचा नाही. इंचाला 48 आटे असलेल्या भोकात इंचाला 40 आट्यांचा स्क्रू दामटून बसवला, तर फ्रेमचे आटे जातात आणि ते दुरुस्त करणे परवानाधारक कारागिरालाही किचकट जाते. उघडी राहिलेली भोके बुजवण्याच्या स्क्रूंनी बंद करावीत, पण त्यांची डोकी पृष्ठभागाच्या वर राहू देऊ नयेत, नाहीतर मागची साइट त्यांवर टेकून तिरकी बसते.