घरी पीसीबी बनवायचाय? आधी फाइल, मग इस्त्री

टाकी भरली की वाजणारा बझर, छोटा पॉवर सप्लाय, असल्या सर्किटांचे पीसीबी, म्हणजे ज्यावर तांब्याच्या रेघांनी पार्ट जोडलेले असतात ते बोर्ड, मी अजूनही बाल्कनीतच बनवते. नकाशा कॉम्प्युटरवर काढायचा, कागदावर छापायचा, इस्त्रीने तांब्यावर उतरवायचा आणि उघडं राहिलेलं तांबं रसायनात विरघळवायचं. पोरं विचारतात, ‘ताई, नकाशा काढायला सॉफ्टवेअर कुठलं?’ माझं उत्तर ठरलेलं: किकॅड. फुकट आहे आणि फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते. ज्याँ-पिएर शारास या फ्रेंच माणसाने १९९२ मध्ये ते सुरू केलं, पुढे सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेनेही त्यात भर घातली. ईगल हे असंच दुसरं सॉफ्टवेअर शिकायला आता बसू नका. जून २०२६ नंतर ते बंद, असं ते बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने २०२३ मध्येच जाहीर केलं. जुन्या ईगल फाइली किकॅडमध्ये उघडतात. ईझीईडीए ब्राउझरमध्ये चालतं, शिकायलाही सोपं. बोर्ड फॅक्टरीतूनच मागवायचा असेल तर तेही चालेल. फ्रिट्झिंग ब्रेडबोर्डची (सोल्डर न करता पार्ट खोचून बघायच्या पाटीची) चित्रं काढायला छान, बस्स.

घरच्या बोर्डासाठी सॉफ्टवेअरपेक्षा त्यातली सेटिंग्ज महत्त्वाची. ट्रॅक (तांब्याची रेघ) १ मिमी, दोन ट्रॅकमधलं अंतर निदान ०.५ मिमी, पॅड (पार्टचा पाय सोल्डर करायची तांब्याची टिकली) २ मिमीच्या आसपास. सगळे ट्रॅक खालच्या बाजूला, म्हणजे बी.सीयू लेयरवर, जिथे मार्ग सापडत नाही तिथे वरून सरळ वायरचा जंपर टाका. त्यात कमीपणा काही नाही, जुन्या रेडिओंत ढिगाने असत.

आता प्रिंट. बी.सीयू लेयर मिरर न करता छापायची. सॉफ्टवेअर बोर्डाकडे वरून बघतं आणि कागद तांब्यावर पालथा पडला की चित्र आपोआप उलटतं. ड्रिल मार्क चालू ठेवा. पॅडच्या मध्यभागी बारीक ठिपका कोरा राहतो, तिथलं तांबं झिजून खळगा होतो आणि ड्रिलचा बिट घसरत नाही.

प्रिंट लेझरच हवी, कारण तिचा टोनर (काळी पूड) इस्त्रीने तांब्याला चिकटतो; इंकजेटची शाई उपयोगाची नाही. कागद मासिकाचा गुळगुळीत. झेरॉक्सवाल्याला ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ असं दोनदा सांगा, नाहीतर तो सवयीने ‘फिट टू पेज’ करतो. निघालेल्या कागदावर आयसी (चिप) ठेवून बघा. सगळे पाय पॅडवर बसले तरच पुढे जा.

कॉपर क्लॅड, म्हणजे तांब्याचा पत्रा चढवलेला कोरा बोर्ड, भांड्यांच्या घासणीने चकचकीत घासा, धुवा, थिनरने पुसा आणि मग बोट लावू नका. कागद छापील बाजूने तांब्यावर ठेवा. इस्त्री कॉटनवर, वाफ बंद, तीन-चार मिनिटं दाबून, कडांना जास्त. मग बोर्ड पाण्यात टाका, कागद भिजला की अंगठ्याने चोळून काढा. तुटलेली रेघ सीडी मार्करने जोडा.

आता तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराइड, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्येच. पावडर पाण्यात थोडी थोडी टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. भांडं चांगलंच तापतं. हातमोजे, चष्मा, जुने कपडे, खिडकी उघडी. फरशीवरचा पिवळा डाग जात नाही. बोर्ड त्यात बुडवून ट्रे हलवत राहा, वीस-तीस मिनिटांत टोनरखाली नसलेलं तांबं जातं. उरलेलं द्रावण बाटलीत भरून पुन्हा वापरा. निकामी झालं तरी मोरीत ओतू नका, त्यात तांबं असतं. घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

भोकं रेझिस्टर आणि आयसीला ०.८ मिमी, १एन४००७ या डायोडला १ मिमी. टोनर थिनरने पुसा आणि सोल्डरिंगआधी शेजारशेजारचे ट्रॅक मल्टिमीटरने तपासा. बीप आला तर ते ट्रॅक कुठेतरी चिकटलेत, ब्लेडने तिथे खरवडा.