वजनाच्या ऑपरेशननंतर: काय खायचं, कसं खायचं आणि फराळाच्या डब्याचं काय करायचं

वजन कमी करण्याच्या स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा पाऊण भाग काढून टाकतात आणि उरलेल्या नळीत साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावतं. गॅस्ट्रिक बायपास या दुसऱ्या प्रकारात जठराचा जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा वापरात राहतो आणि अन्न तिथून थेट लहान आतड्यात उतरतं. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तो भागच जातो, त्यामुळे पहिले काही महिने भूक जवळजवळ लागत नाही. सवयी बसवायच्या त्या याच महिन्यांत, कारण पुढे भूक परत येते आणि स्वयंपाकघरातला चिवड्याचा डबा तोवर जागचा हललेला नसतो.

खाली दिलेलं वेळापत्रक सर्वसाधारण आहे. तुमच्या सर्जनने किंवा आहारतज्ज्ञाने दिलेला तक्ता वेगळा असेल, तर तोच पाळा.

पहिले आठ आठवडे

पहिले एक-दोन दिवस फक्त नितळ पातळ पदार्थ: पाणी, गाळलेलं डाळीचं पाणी, चिकनचं गाळलेलं सूप, थोडं शहाळ्याचं पाणी. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा ३० मिलिलिटरचा छोटा कप घ्या आणि तो १५ मिनिटांत घोट-घोट संपवा. स्ट्रॉ नको, त्याने पोटात हवा जाते.

त्यानंतर दुसरा आठवडा संपेपर्यंत ताक, साय काढलेलं दूध, दुधात किंवा पाण्यात कालवलेली प्रोटीन पावडर. दुधाने पोट फुगलं किंवा जुलाब झाले, तर पाण्यातली पावडर आणि ताक यांवर राहा. बायपासनंतर काहींना काही काळ दूध पचत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, गुठळी नसलेलं अन्न. घट्ट मूगडाळीचं वरण, मिरची न घातलेलं सैल पिठलं, बिनसाखरेचा चक्का. एका वेळी दोन-तीन मोठे चमचे पुरतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कुस्करलेलं पनीर, मऊ अंडाभुर्जी, काटे काढलेला वाफवलेला मासा, मुगाचं मऊ धिरडं. सातव्या-आठव्या आठवड्यापासून हळूहळू घरातलं नेहमीचं जेवण.

इथे घराघरांत एक चूक हमखास होते. माणूस अशक्त दिसतो म्हणून त्याला पेज, मऊ भात, साबुदाण्याची कांजी देतात. आजारपणात हेच द्यायची आपल्याकडची रीत आहे आणि त्यामागे मायाच असते. पण पोटात जागा तीन चमच्यांची. ती पेजेने भरली की प्रोटीनला जागा उरत नाही. मग स्नायू झिजतात, जखम भरायला वेळ लागतो, आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होणारी केसगळती आणखी वाढते. आई किंवा सासूबाई स्वयंपाक करत असतील, तर त्यांना हे ऑपरेशनच्या आधीच समजावून सांगा.

दुसरी चूक म्हणजे घाई. दुखत नाही म्हणजे आतलं सगळं भरून आलं, असं नसतं. दहाव्या दिवशी पोळीचा तुकडा गिळून उलट्यांचा ताण जठराच्या ताज्या शिवणीवर आणण्याची जोखीम घेऊ नका.

प्रोटीनचा हिशेब

रोज ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे. शाकाहारी घरात सगळा भरवसा वरणावर असतो, आणि नेमकं तिथेच गणित चुकतं. वाटीभर पातळ वरणात कोरडी डाळ असते जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे प्रोटीन चार-साडेचार ग्रॅम. तेवढ्याच जागेत १०० ग्रॅम पनीर बसलं, तर साधारण १८ ग्रॅम मिळतं. कोरड्या सोया चंक्समध्ये वजनाच्या निम्मं प्रोटीन असतं, फक्त ते भिजवून, पिळून, बारीक करूनच घ्या. अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात.

चार-पाच महिने झाल्यावरचा एक दिवस असा बसवता येतो. सकाळी आठला दोन अंडी, किंवा मुगाच्या धिरड्यात ४० ग्रॅम पनीर: १२ ते १४ ग्रॅम. अकराला एक माप प्रोटीन पावडर पाण्यात: सुमारे २२. दुपारी एकला ६० ग्रॅम मासा किंवा पनीर आणि पाव वाटी मटकीची उसळ: १४ च्या आसपास. साडेचारला १०० ग्रॅम चक्का, मीठ-जिरेपूड घालून: ८ ते १०. रात्री साडेसातला ५० ग्रॅम शिजवलेलं चिकन किंवा २५ ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवून केलेला खिमा, सोबत दोन चमचे भाजी: १२ ते १४. बेरीज सत्तरच्या आसपास जाते. पावडर वगळली, तर हा आकडा शाकाहारी माणसाला पहिलं वर्षभर गाठणं फार अवघड जातं, म्हणून तिचा संकोच करू नका.

ताट, चमचा आणि पाणी

मोठ्या ताटात तीन चमचे भुर्जी केविलवाणी दिसते आणि मन खट्टू होतं. नाश्त्याची छोटी बशी, एक छोटी वाटी आणि चहाचा चमचा, एवढंच घेऊन बसा. घास हरभऱ्याएवढा. २० ते २५ वेळा चावा, गिळा, चमचा खाली ठेवा, मग पुढचा घास. आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरलीच तर शेवटी भाकरीचे दोन तुकडे. जेवण २० ते ३० मिनिटांत आटपा; त्यापेक्षा लांबलं, तर ते जेवण न राहता चरणं होतं.

जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. इवल्याशा जागेत अन्न आणि पाणी एकत्र आलं की दाब येतो आणि सगळं उलटून पडतं. मधल्या वेळात मिळून दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी प्यायचं आहे, त्यासाठी बाटली दिवसभर हाताशी ठेवा. सोडा, कोल्ड्रिंक, बिअर यांतल्या वायूने पोट तडतडतं, ते टाळा.

पोट भरल्याची खूण आता वेगळी असते. पूर्वीसारखं पोट जड होण्याची वाट पाहू नका. छातीच्या हाडाखाली दडपल्यासारखं वाटणं, उचकी, एकदम नाक वाहायला लागणं किंवा शिंक, यांपैकी काही झालं की थांबा. चमच्यात राहिलेला घाससुद्धा नको.

घास अडकतो तो बहुतेक वेळा ताज्या पावाचा, मऊ घडीच्या पोळीचा, चिकट भाताचा, साबुदाणा खिचडीचा किंवा कोरड्या चिकनचा. पाव आणि पोळी लाळेत भिजून त्यांचा गोळा होतो आणि तो अरुंद वाटेत बसतो. तोंडाला भसाभस पाणी सुटतं, फेस येतो, छातीत कळ येते. अशा वेळी पाणी पिऊन घास खाली ढकलायचा मोह होतो. तो आवरा, कारण वरून आणखी दाब येतो. उठा, सावकाश फेऱ्या मारा, लाळ थुंकून टाका. अर्ध्या तासात घास उतरतो किंवा उलटून पडतो. उलटी झाली तर तो दिवस पातळ पदार्थांवरच काढा. पोळी खायचीच असेल, तर फुलक्याचा वरचा पापुद्रा सुटा करून तव्यावर कडक भाजून घ्या. तो चावला की भुगा होतो, गोळा होत नाही. चिकन रश्श्यातलं, मऊ शिजलेलं घ्या.

गोडाचा झटका

बायपासनंतर विशेषतः, पण स्लीव्हनंतरही, साखर एकदम आतड्यात उतरली की १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब होतात. याला डम्पिंग म्हणतात. आमरस, उसाचा रस, बासुंदी, गुलाबजाम यांनी ते सहज होतं, कारण यांतली साखर चावावी लागत नाही. आडवं व्हा, ते आपोआप ओसरतं.

दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. शरीराने जास्त इन्सुलिन सोडलेलं असतं, रक्तातली साखर घसरते, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. ग्लुकोमीटर असेल तर साखर मोजा, तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्या आणि बरं वाटलं की थोडं पनीर किंवा अंडं खा. असं पुन्हा झालं, तर डॉक्टरांना सांगा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डोस ऑपरेशननंतर लगेचच नव्याने ठरवून घ्यावा लागतो.

मोह नेमका कुठे असतो

गणपतीत पानावर वाढलेल्या एका उकडीच्या मोदकाची सगळ्यांना धास्ती असते. आधी प्रोटीन खाऊन, मग अर्धा मोदक सावकाश खाल्ला, तर बहुतेकांचं काही बिघडत नाही. वजन परत येतं ते येता-जाता डब्यात घातलेल्या हातामुळे. चिवडा, शेव, खारी, बिस्किट, चकली हे पदार्थ तोंडातच विरघळून खाली घसरतात, पोट भरल्याची खूण मिळतच नाही. तळलेल्या चिवड्याची ३० ग्रॅमची मूठ म्हणजे सुमारे १५० कॅलरी. दिवसात चार मुठी म्हणजे ६००. जठर कितीही छोटं केलं तरी यावर त्याचा इलाज चालत नाही.

म्हणून डब्यांची जागा बदला. फराळ पारदर्शक बरण्यांतून काढून स्टीलच्या डब्यांत भरा आणि डबे माळ्यावर ठेवा. खायचं असेल तेव्हा मोजून, वाटीत घेऊन, खाली बसून खा. उभ्याने काही खायचं नाही, हा एक नियम पाळला तरी बराच फरक पडतो. स्वयंपाक करणाऱ्याची खरी परीक्षा चव बघण्यात आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवण्यात असते. अन्न टाकवत नाही, हे खरं आहे. मग मुलांना कमी वाढा आणि उरलेलं झाकून ठेवा. ते आपल्या पोटात ढकलायचं नाही. चव बघायची तर चमच्याच्या टोकावर, एकदाच.

संध्याकाळी पाच ते सात ही सर्वांत कठीण वेळ. चहाबरोबर खारी किंवा टोस्ट ही वर्षानुवर्षांची जोडी असते. साडेचारचा चक्का याचसाठी आहे. तरीही खावंसं वाटलं, तर स्वतःला विचारा: आत्ता पुढे उकडलेलं अंडं किंवा साधं पनीर ठेवलं, तर खाईन का? उत्तर हो असेल, तर भूक खरी आहे, खा. फक्त भजीच हवी असतील, तर ती जिभेची भूक. सावकाश पाणी प्या, पंधरा मिनिटं घराबाहेर पडा. ती लाट बहुतेकदा ओसरते.

आग्रहाचं काय? लग्नाच्या पंगतीत ‘एकच घ्या हो’ म्हणणाऱ्याशी वाद घालून उपयोग नसतो. यजमानांना आधी फोन करून पोटाचं ऑपरेशन झाल्याचं सांगा; वजनाचा विषय काढायची गरज नाही. बुफे असेल तर बशीत स्वतःच थोडं वाढून घ्या आणि बशी हातात धरून ठेवा, रिकाम्या हाताला लगेच वाढलं जातं. सत्यनारायणाचा शिरा चिमूटभर घेतला तरी तो प्रसादच असतो.

उपवास पहिले तीन महिने तरी नको, आणि निर्जळी तर कधीच नको. पुढे चतुर्थी-एकादशी करायची असेल, तर साबुदाणा आणि बटाटा सोडून पनीर, दही, ताक, दुधातल्या राजगिऱ्याच्या लाह्या, थोडी वरी आणि शेंगदाण्याची आमटी यांवर भर द्या. प्रोटीन पावडर चुकवू नका.

बाहेर मिसळ आली, तर मटकी खा. पाव, फरसाण आणि तर्री राहू द्या. माशाच्या थाळीत तळलेल्या सुरमईचं रव्याचं आवरण काढून आतला मासा खा, सोलकढी अर्ध्या तासाने. वडापावला धड पर्याय नाही. सहा महिन्यांनंतर कधीतरी पावाशिवाय अर्धा वडा, एवढंच.

दारूबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ऑपरेशननंतर ती फार लवकर आणि जास्त चढते, आणि जेवणाची जागा दारूने घेतल्याची उदाहरणं खरोखर घडतात. पहिलं वर्ष पूर्ण वर्ज्य. खाणं हाच ज्यांचा विरंगुळा होता, त्यांना ही पोकळी फार जाणवते. रात्री चोरून खाणं किंवा सतत रडू येणं सुरू झालं, तर समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा नाही.

गोळ्या, धोक्याच्या खुणा

बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन आयुष्यभर. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, सायट्रेटच्या रूपात, ५००-६०० च्या हप्त्यांत. लोहाची गोळी त्यापासून दोन तास आणि चहापासून किमान तासभर दूर. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. बायपासनंतर त्यांनी जठर आणि आतड्याच्या जोडाजवळ अल्सर होऊ शकतो. तंबाखू, सिगारेटनेही होऊ शकतो. गरोदरपण १२ ते १८ महिने पुढे ढकला.

ताप, नाडी जलद, पोटात किंवा खांद्यात तीव्र कळ, काळी शौच, किंवा पाण्याचा घोटही न टिकणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उलट्या आठवडाभर चालल्या आणि चालताना तोल जायला लागला, दुहेरी दिसायला लागलं, तर ती थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, कमतरता असू शकते. तिथे एक दिवसही थांबू नका, आणि थायमिन देण्याआधी ग्लुकोजचं सलाइन लावू नका, असं डॉक्टरांना ऑपरेशनची माहिती देऊन सांगा.

वजन पुन्हा वाढायला लागलं तर

दीड-दोन वर्षांनंतर थोडंसं वजन वाढणं बहुतेकांच्या बाबतीत होतं, घाबरू नका. पण तीन-चार किलो वाढून काटा तिथेच थांबत नसेल, तर सलग तीन दिवस वही ठेवा, त्यात एक सुट्टीचा दिवस हवा. तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ लिहा: चव बघितलेली आमटी, मुलाच्या डब्यातलं उरलेलं बिस्किट, चहातली साखर. शेजारी वेळ आणि जेवताना पाणी प्यायलात का, हेही लिहा. ती वही घेऊनच आहारतज्ज्ञाकडे जा.