पाऊस धरला की पोटात गोळा: पुराच्या आठवणींसाठी ध्यान कसं करावं

कोल्हापुरात ‘राजाराम बंधारा, पाणी वाढतंय’ असा मेसेज आला की 2019 आणि 2021 चा पूर सोसलेल्या कितीतरी घरांत पोटात गोळा येतो. पत्र्यावरचा पाऊस, ओल्या गादीचा कुबट वास, बोटीच्या इंजिनाचा आवाज, एवढंही पुरतं. अशा ट्रिगरसाठी, म्हणजे जुनी भीती जागवणाऱ्या गोष्टींसाठी, ध्यान उपयोगी पडतं, पण आठवणीत खोल शिरायला नव्हे. तिला जरा शिवायचं आणि माघारी यायचं. माघारी येणं आधी शिकायचं, आठवणीला हात नंतर. हा क्रम उलटला की त्रास वाढतो.

एक व्यवहाराची गोष्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पाणी तिकडं निघालं असेल आणि घर पूरपट्ट्यात असेल, तर ध्यान राहू दे. कागदपत्रं, औषधं, चार्जर पिशवीत भरा, जनावरं हलवा. तेव्हाची भीती खरी असते. ध्यान आहे ते पाणी 20 फुटांवर असताना छाती 2019 मध्ये अडकते, त्या दिवसांसाठी.

बसायची जागा: पाठ भिंतीला, दार समोर, दिवा चालू. डोळे मिटायचे नाहीत. नजर तीन-चार फुटांवर फरशीवर सोडा. मिटल्या डोळ्यांपुढं चित्रं लवकर येतात, म्हणून ही सूट. मांडीच घालायला हवी असं नाही, खुर्ची चालते. वेळ सकाळची किंवा दुपारची, झोपायच्या तोंडावर नको. कडक चहा घेऊन लगेच बसू नका. धडधड चहाची की भीतीची, तेच कळत नाही. मोबाइलचा फक्त टायमर ठेवा आणि पाणीपातळीचे ग्रुप म्यूट करा.

पहिले दोन आठवडे रोज 5 मिनिटं, तेही फक्त टेका शोधायला. टेका म्हणजे लक्ष परत आणून ठेवायची जागा. तळपाय फरशीला टेकलेत ते जाणवणं, हातातल्या पितळी वाटीचं वजन, पंख्याचा आवाज, यांतलं एकेक मिनिटभर करून बघा. आधी आणि नंतर अस्वस्थतेला 0 ते 10 मध्ये आकडा द्या. ज्यानं आकडा उतरतो तो तुमचा टेका. श्वासावर लक्ष ठेवा असं सगळीकडं सांगतात, पण ज्यांचा श्वास त्या काळात कोंडला होता त्यांना श्वासाकडं बघितलं की घाबरं होतं. तसं झालं तर श्वास सोडून द्या, पाय पुरे.

मग ट्रिगरांची यादी करा. प्रत्येकापुढं अंगात काय होतं ते (घसा आवळतो, हात गार पडतात) आणि आकडा लिहा. सुरुवात 2-3 आकड्याच्या ट्रिगरनं. घरात पाणी शिरलं ती रात्र 9 वर असेल, तर ती या कामात घरी एकट्यानं घ्यायचीच नाही.

एका बैठकीचा हिशोब असा: 3 मिनिटं टेका, 30 सेकंद ट्रिगर, 2 मिनिटं टेका. पुन्हा 30 सेकंद, पुन्हा 2 मिनिटं. बस्स, दोनच फेऱ्या. त्या 30 सेकंदांत गोष्ट आठवत बसू नका. अंगात कुठं आवळलंय तेवढं बघा. आकडा 6 वर गेला की फेरी तिथंच तोडायची. शेवटी मान हळू फिरवून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या. त्याच ट्रिगरचा आकडा सलग चार-पाच दिवस 1 वर राहिला, तर यादीतला पुढचा घ्या.

बाजारात किंवा एसटीत अचानक आलं तर बसायची गरज नाही. पाय जमिनीत दाबा, चार मोजून श्वास घ्या, सहा मोजून सोडा. आजचा वार, तारीख, उभे आहात त्या जागेचं नाव मोठ्यानं म्हणा: ‘बुधवार, मिरजकर तिकटी.’ तोंडावर गार पाणी मारायचा सल्ला पूरग्रस्तांना जपूनच द्यावा. पाणी हाच ट्रिगर असू शकतो.

फसगत होते ती शांततेत. हात आपले वाटत नाहीत, आवाज लांबून येतात, वेळ कुठं गेला कळत नाही: याला खोल ध्यान लागलं असं समजू नका. मन सुन्न पडलंय. लगेच उठा, चाला, कुणाशी तरी बोला. सलग दोन रात्री झोप बिघडली, तर आठवडाभर फक्त टेका. आळत्याच्या धम्मालय या विपश्यना केंद्रातल्यासारखी दहा दिवसांची मौन शिबिरं या टप्प्यावर घाईनं घेऊ नयेत. मोठ्या मौनात टेका सुटला तर सावरणं अवघड जातं. जायचंच असेल तर अर्जात मानसिक त्रास लपवू नका.

महिन्याहून जास्त काळ वाईट स्वप्नं, दचकणं, पावसाच्या भीतीनं काम बुडणं सुरू असेल, दारू वाढली असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर नुसत्या ध्यानावर थांबू नका. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर कधीही फोन करा. सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं. औषध सुरू असेल तर ध्यान जमतंय म्हणून ते परस्पर बंद करू नका.

घरच्यांनी ‘विसर की आता’ म्हणू नये. ‘आकडा किती?’ एवढंच विचारावं, आणि उत्तर 6 च्या वर आलं तर शेजारी येऊन बसावं. पाठीवर हात ठेवायचा तोही विचारूनच.