जुनी स्प्लेंडर रोजच्या वापराला काढण्याआधी

ही तयारी सेकंडहँड घेतलेल्या कार्बोरेटरवाल्या स्प्लेंडरची आहे, म्हणजे २०२० साली कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन येण्याआधीची. गाडी बाजारात आली १९९४ला आणि तिचं ९७.२ सीसीचं इंजिन त्याही आधीच्या सीडी १००च्या घराण्यातलं. त्यामुळे तालुक्याच्या बाजारपेठेतही तिचा एकही पार्ट अडत नाही. पार्ट सहज मिळतात म्हणूनच न तपासता भराभर बदलले जातात. जुन्या गाडीचा अर्धा खर्च असाच वाया जातो. आधी मोजायचं, मग साफ करायचं आणि तरीही भागलं नाही तरच बदलायचं. क्रमही ठरवून घ्या: गाडी थांबवणाऱ्या आणि सरळ धरून ठेवणाऱ्या वस्तू पहिल्या, इंजिन नंतर, रंग-पॉलिश सगळ्यात शेवटी.

गाडी डबल स्टँडवर घ्या आणि एकाला मागचं कॅरिअर दाबून धरायला सांगा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. आता चाकाजवळ शॉकअपचे दोन्ही पाय धरून पुढे-मागे ओढा. कट्‌कट् असं लागलं तर कोन सेट (हँडलच्या गळ्यातलं गोळ्यांचं बेअरिंग) सैल आहे. मग हँडल अगदी हलक्या हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मधोमध ते खाचेत बसल्यासारखं अडलं, तर कोनच्या वाटीत गोळ्यांचे खड्डे पडलेत. असा कोन आवळून उपयोग नाही. आवळल्यावर हँडल आणखी अडतं आणि गाडी सरळ चालवताना डावी-उजवी शोधत राहते. सेट पूर्ण बदला, वाट्या ठोकताना तिरप्या जाणार नाहीत हे बघा, जुन्या गोळ्या काढताना वरच्या-खालच्या वेगवेगळ्या मोजा आणि ग्रीस सढळ हाताने भरा. त्याच बैठकीत चाक वर-खाली पकडून हलवा. कडेला खेळ जाणवला तर व्हील बेअरिंग गेलं. मागे चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांचे) बुश तपासायचे असतील तर चाक नव्हे, चिमट्याचं टोक धरून आडवं हलवा. बुश गेलेली गाडी वळणावर मागून पोहल्यासारखी वाटते आणि लोक दोष टायरला देतात.

शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओला कडा दिसला तर ऑइल सील फुटलंय. दोन्ही बाजूंचे सील एकदमच बदला आणि दोन्ही पायांत तेल अगदी सारखं मोजून भरा. नळीवर गंजाचे ठिपके असतील तर नवं सील महिनाभरात परत फाटेल. बारीक ठिपके ऑइल लावलेल्या दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत होतात, खोल खड्ड्यांना नळीच बदलावी लागते.

ब्रेक उघडल्याशिवाय गाडी मुळीच वापरू नका. खटक्यावरचा (केबल किंवा रॉड ओढते त्या बाहेरच्या दांड्यावरचा) बाण आणि ब्रेक प्लेटवरची खूण हे झिजेचं माप आहे. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला लागला की लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) संपले. पण मागच्या मालकाने खटका एक दाता पुढे बसवला असेल तर बाण खोटं सांगतो, म्हणून चाक काढून डोळ्यांनीच बघा. १३० मिमीच्या ड्रमची शेवटची मर्यादा १३१ मिमी. त्यापुढे नवे लायनर घातले तरी ब्रेक लागणार नाही. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं फेकून द्या. ब्रेक कॅम (लायनर पसरवणारा दांडा) काढून पॉलिश पेपरने साफ करा आणि दांड्याला नखभर ग्रीस लावा, त्याहून जास्त नको, गरम झालं की ते लायनरवर उतरतं. ब्रेक दाबून सोडल्यावर चाक जड फिरतं, त्याचं कारण बहुतेकदा हा गंजलेला कॅमच असतो, स्प्रिंग नव्हे. जोडल्यावर पुढच्या लिव्हरला १० ते २० मिमी आणि मागच्या पेडलला २० ते ३० मिमी मोकळी चाल ठेवा.

टायरची नक्षी बघून समाधान मानू नका. बाजूला चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचं रबर नक्षी शाबूत असली तरी कडक होतं आणि पहिल्या पावसाच्या तेलकट डांबरावर घसरतं. नवा टायर घालताना ट्यूब आणि रिमवरची रबरी पट्टी नवीच घ्या. जुनी पट्टी सरकून स्पोकचं टोक ट्यूबला टोचतं, आणि पंक्चर काढणाऱ्याला खिळा काही सापडत नाही. प्रत्येक स्पोकवर पान्याने टिचकी मारा. ताणलेला खणखणीत वाजतो, सैल असलेला बद्द.

चेनला थोडा वेळ द्या. चेन कव्हरमुळे ती वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही. कव्हर काढा आणि मागच्या सॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने मागे ओढा. ती अर्ध्या दात्यापेक्षा जास्त उचलली गेली तर चेन लांबलेली आहे, आणि सॉकेटचे दाते एका बाजूला कललेले, लाटेच्या शेंड्यासारखे दिसतीलच. अशा वेळी पुढचं सॉकेट, मागचं सॉकेट आणि चेन तिन्ही एकत्र बदला. जुन्या सॉकेटवर नवी चेन टाकली तर काही हजार किलोमीटरमध्येच तीही जुनी होते. चेनच्या लॉकची (जोडाच्या क्लिपची) बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवी. उलटी बसली तर एखादा दगड लागून निसटते. चाक हळूहळू फिरवून चेन सगळ्यात ताठ कुठे होते ते शोधा आणि खालच्या पट्टीच्या मधोमध २० ते २५ मिमी खेळ तिथे ठेवा. सैल जागी मापून आवळलं तर ताठ जागी ती गिअर शाफ्टचं बेअरिंग ओढते. चिमट्यावरच्या रेघा दोन्हीकडे सारख्या ठेवा. मागच्या हबमधले रबरही याच वेळी काढून बघा. ते चपटे झाले असतील तर गिअर टाकताना झटका बसतो आणि लोक तो क्लचचा समजतात.

आता इंजिन. जुनं ऑइल गरम इंजिनातून सोडा. १७ नंबरच्या ड्रेन नटला नवा वायसर घाला आणि पाना हाताच्या जोरावर आवळा, पायाच्या नाही. ॲल्युमिनियमच्या आट्या गेल्या की नटापायी इंजिनाच्या खोक्याचं (क्रँककेसचं) काम निघतं. ऑइल जेएएसओ एमए (JASO MA) शिक्क्याचं, मोटरसायकलचंच घ्या. क्लच प्लेटा याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी त्या घसरतात: आवाज वाढतो, वेग वाढत नाही. आधी ८०० मिली ओता, दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करून थोडं थांबा आणि काडी आटीत न फिरवता नुसती टेकवून माप बघा. वरच्या खुणेपर्यंत लागेल तेवढंच वाढवा.

या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. ऑइल बदललं म्हणजे सगळं बदललं असं वाटतं. प्रत्यक्षात मळ अडतो तो उजव्या बाजूच्या कव्हरच्या आत, क्रँकच्या टोकाला फिरणाऱ्या गोल डबीत. गिरणीत भुसा कडेला उडावा तशी धातूची पूड या डबीच्या भिंतीला चिकटत जाते. पन्नास-साठ हजार किलोमीटर न उघडलेल्या गाडीत स्क्रू काढून झाकण उचललं तर आत ओल्या बुक्क्यासारखा काळा, घट्ट थर निघतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यात रुततं. ही डबी भरली की तिच्यातला मळ परत तेलात जातो आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग खातो. म्हणून गाडी हाती आल्यावर हे कव्हर एकदा उघडायचंच. नवं पॅकिंग आधी आणून ठेवा, डबी रॉकेलने धुऊन सुकी करा, खालची जाळीची गाळणी काढून साफ करा. क्लच प्लेटा समोर येतातच, त्या जळक्या वासाच्या किंवा काळपट असतील तर त्याच मजुरीत बदलून घ्या.

टॅपेटबद्दलचा, म्हणजे वॉल (व्हॉल्व्ह) आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातल्या फटीबद्दलचा, एक गैरसमज गाड्या बिघडवतो: आवाज नाही म्हणजे चांगलं. थंड असताना किंचित टिकटिक करणारा टॅपेट निरोगी असतो. गाडी शांत करून द्या म्हटलं की मेकॅनिक टॅपेट आवळतो, गाडी खरंच शांत होते आणि एक्झॉस्ट वॉल पूर्ण बसेनासा होतो. वॉलची उष्णता सीटला टेकल्यावरच बाहेर जाते. टेकला नाही की तो जळतो, काँप्रेशन पडतं आणि सकाळी किका मारून घाम फुटतो. हे काम रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच करा. डाव्या कव्हरवरची दोन्ही झाकणं काढा, मॅग्नेट पान्याने डावीकडे फिरवत टी खूण खाचेसमोर आणा. दोन्ही रॉकर बोटाने हलत असतील तर पिस्टन काँप्रेशनच्या माथ्यावर आहे. एक ताठ असेल तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. जुन्या मॉडेलला दोन्ही वॉलना ०.०५ मिमी गॅप असतो, तरी आपल्या सालच्या मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण. फिलर गेजची पाती किंचित अडत निघाली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास फिरतो, म्हणून आवळल्यावर परत एकदा मापा. टॅपेट बरोबर असूनही हेडच्या डाव्या बाजूने साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला तर ती टायमिंग चेन आणि तिचे रबरी रोलर.

धूर वाचायला शिका. रेस सोडून उतारावर आल्यावर पुन्हा रेस देताच निळा भपका निघाला आणि नंतर थांबला, तर वॉल सील. सतत निळा धूर आणि दर आठवड्याला ऑइल कमी, तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी). घेतल्या दिवशी धूर नव्हता आणि पहिल्या ऑइल बदलानंतर सुरू झाला, तर आधी आत जाड ऑइल भरलेलं होतं असं समजा. ब्लॉक लेथवाल्याकडे मापून घेतल्याशिवाय बोअर करू नका. बोअर गोल आणि मापात असेल तर रिंगांवर भागतं. नाहीच भागलं तर ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी वाढीव पिस्टन मिळतात. थेट मोठ्या मापावर उडी मारू नका, पुढच्या वेळेला माप शिल्लक राहू द्या. बोअर झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर गाडी ताणायची नाही आणि ऑइल त्या ५००लाच बदलायचं.

पेट्रोलच्या वाटेवर आता जास्त लक्ष लागतं. २०२३पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. टाकीच्या तळाशी गंज आहे का ते टॉर्चने बघा, कॉकची जाळी धुवा, पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटरचे रिंग-पॅकिंग नवे घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा तळाचा स्क्रू उघडून पेट्रोल सोडून द्या. चोक ओढल्याशिवाय गाडी स्लो (रेस न देता चालू राहणं) धरत नसेल तर स्लो जेट तुंबलाय. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा पुरे. हवेचा स्क्रू काढण्याआधी अलगद आत फिरवून फेरे मोजा आणि कागदावर लिहा. स्लो १४०० आरपीएमच्या आसपास ठेवा. एअर फिल्टर स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, सुकवून, ऑइलमध्ये भिजवून पिळून बसवा. कागदी असेल तर धुऊ नका, बदला.

वायरिंगमध्ये एक गोष्ट गोंधळात टाकते. जुन्या किकवाल्या गाडीत प्लगची ठिणगी मॅग्नेटवरून येते, त्यामुळे मेलेल्या बॅटरीवरही ती वर्षभर धावते. हॉर्न बसका आणि इंडिकेटर मंद, एवढीच लक्षणं. नवी बॅटरी टाकायच्या आधी रेस देऊन तिच्या टोकांवर मीटर लावा. १४ ते १५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. १३च्या खाली राहिलं किंवा १५च्या वर गेलं तर आधी कनेक्टर आणि अर्थ साफ करा, नंतर आरआर युनिटकडे (रेग्युलेटर-रेक्टिफायरकडे) वळा. हेडलाइटच्या मागचे सगळे जोड एकेक सोडून, घासून, व्हॅसलीन लावून परत जोडा.

कागदांचं काम पैसे देण्याआधीचं. हँडलखालच्या गळ्यावरचा चासी नंबर आणि इंजिनवरचा नंबर आरसीशी अक्षरन्‌अक्षर जुळवा, कर्जाची नोंद उतरली आहे का आणि ई-चलन बाकी आहे का ते ऑनलाइन बघा, फॉर्म २९ आणि ३०वर सह्या घ्या. पंधरा वर्षं पूर्ण झाली असतील तर फॉर्म २५ भरून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि ते पाच वर्षांचं मिळतं. १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागते.

सगळं जोडून झाल्यावर दोनशे किलोमीटर चालवा आणि परत पाना घेऊन बसा: एक्सल नट, इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट, सायलेन्सरचे दोन नट, नवी चेन (पहिल्यांदा ती सैल होणारच), नवे लायनर बसले म्हणून ब्रेकची चाल. पावसाळ्याच्या तोंडाला क्लच आणि ब्रेकच्या केबली वरच्या टोकाने सोडा, टोकाला पिशवीचा कोपरा बांधून त्यात ऑइल ओता आणि खालच्या टोकाने थेंब पडेपर्यंत रात्रभर टांगून ठेवा.